कारागीर कुणाच्या मालकीचा? यू मुंबा संघाच्या वहीतून एक धडा

या पानावर आम्ही नेहमी सुताचे भाव, सुरतेच्या मालाची आवक, उधारीची वसुली अशा गोष्टी लिहितो. आज एका खेळाच्या संघाविषयी लिहीत आहोत, म्हणून वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु ज्याच्या दुकानात किंवा कारखान्यात चार माणसे हाताखाली आहेत, त्याने हा हिशेब एकदा शेवटपर्यंत वाचावा अशी आमची विनंती आहे.

कारण घडले ते असे. २०२४च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या खेळाडूंचा लिलाव झाला. आमचा मुलगा तो टीव्हीवर पाहत होता आणि आम्ही शेजारी बसून वही तपासत होतो. गुमान सिंग नावाच्या चढाईपटूची बोली १ कोटी ९७ लाखांवर थांबली आणि गुजरात जायंट्सने त्याला घेतले. हा गडी त्याआधी मुंबईच्या यू मुंबा संघात होता. आम्ही सहज बोललो, "मुंबईवाल्यांची चांदी झाली. माल किती चढ्या भावाने गेला!" मुलगा हसला. म्हणाला, "अब्बा, मुंबईला यातला एक पैसाही मिळत नाही. रक्कम खेळाडूची असते. त्याचा करार संपला, तो मोकळा झाला."

आम्ही चष्मा काढून ठेवला. आमच्या भागात लिलावाला हर्रास म्हणतात. बाजार समितीत कापसाची गाडी उभी राहते, व्यापारी बोली लावतात आणि पैसे गाडीवाल्याला मिळतात. गेल्या वर्षी त्याचा कापूस कोणी घेतला होता, याची विचारपूस कोणी करत नाही. येथेही तोच प्रकार होता. फरक इतकाच की गाडीही तोच, कापूसही तोच आणि गाडीवालाही तोच. ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी विशेष लागली. त्याचे कारण पुढे येईल. आधी संघाची हकिकत.

कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ आहे हे सांगायला नको. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तेथे या खेळाची प्रात्यक्षिके दाखविली होती. १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला आणि सुवर्णपदक भारताने घेतले. पण खेळाडूचे पोट खेळावर भरत नसे. चांगला खेळणारा रेल्वेत, पोलिसांत, बँकेत किंवा एखाद्या कंपनीत चिकटला की नशीबवान समजला जाई. नोकरी हीच त्याची कमाई, सामने हा वरचा मान.

२०१४ साली हे बदलले. आनंद महिंद्रा आणि समालोचक चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीने आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू केली. पुढे २०१५मध्ये टीव्हीवाल्या स्टार कंपनीने मशालमध्ये ७४ टक्के भागीदारी घेतली. चित्रपट आणि टीव्हीच्या व्यवसायात नाव कमावलेले रॉनी स्क्रूवाला यांनी मुंबईचा संघ घेतला आणि त्याला यू मुंबा असे नाव दिले. (संघांची नावे अशी इंग्रजी-देशी खिचडी का केली, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. पुण्याने तेवढे 'पुणेरी पलटण' असे सरळ नाव ठेवले.)

लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये झाला. यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असे हरवले. महिन्याभराने अंतिम सामन्यात तेच दोन संघ समोरासमोर आले तेव्हा जयपूरने ३५-२४ने बाजी मारली. दुसऱ्या वर्षी, २३ ऑगस्ट २०१५ रोजी, यू मुंबाने बंगळुरू बुल्सला ३६-३०ने हरवून अजिंक्यपद घेतले. तिसरा हंगाम २०१६च्या आरंभी झाला. त्यातही मुंबई अंतिम फेरीत होती आणि पाटणा पायरेट्सकडून २८-३१ अशी अवघ्या तीन गुणांनी हरली. तीन हंगाम, तिन्हीत अंतिम फेरी. असे दुसऱ्या कोणत्याही संघाला त्या काळात जमले नाही.

आता या पेढीवर माणसे कोण होती ते पाहू. एखाद्या चांगल्या कारखान्यात असते तशीच मांडणी होती. कर्णधार हरयाणाचा अनुप कुमार. फार ताकदीचा गडी नव्हे, पण चढाईला गेला की घाई करायची नाही, पायाने बोनसची रेषा ओलांडून एकेक गुण आणायचा, समोरच्याला आपल्याकडे यायला लावायचे, ही त्याची रीत. कबड्डीत चढाईला तीस सेकंद मिळतात. अनुप ती सगळी वापरत असे. पहिल्या हंगामात चढाईचे १५५ गुण त्याने एकट्याने कमावले. २०१६मध्ये अहमदाबादला भारताने इराणला ३८-२९ने हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा कर्णधार तोच होता.

त्याच्या जोडीला मुंबईचाच रिशांक देवाडिगा आणि केरळचा शब्बीर बापू असे चढाईपटू. बचावात दोन कोपऱ्यांवर मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा. या दोघांची जोडी अशी जमली होती की चढाईपटू एकापासून सुटला तर दुसऱ्याच्या हातात सापडे. मधल्या फळीत जीवा कुमार आणि आपला विशाल माने. दुसऱ्या हंगामात इराणहून फजल अत्राचली नावाचा पोरगेला बचावपटू आला. मराठी, हिंदी त्याला येत नव्हती, तरी त्याच वर्षी तो अजिंक्य संघात खेळला. या फजलचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

ही मांडणी तीन हंगामांनंतर मोडली. नियमाप्रमाणे करार संपले, संघांना मोजकी माणसे ठेवता आली आणि बाकीचे खेळाडू २०१६च्या लिलावात गेले. मोहित छिल्लरला बंगळुरूने ५३ लाखांना घेतले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. नाडाही बंगळुरूलाच गेला. फजल पाटण्याला गेला आणि त्याच हंगामात पाटण्याने अजिंक्यपद घेतले. यू मुंबा पाचव्या क्रमांकावर राहिली. उपांत्य फेरीही गाठता आली नाही. पुढच्या वर्षी रिशांक उत्तर प्रदेशच्या नव्या संघात, यूपी योद्धाकडे, गेला आणि एका सामन्यात चढाईचे २८ गुण करून त्याने तेव्हाचा विक्रम केला. २०१८च्या लिलावात त्याला १ कोटी ११ लाख मिळाले.

म्हणजे मुंबईने घडवलेली, नावारूपाला आणलेली माणसे दुसऱ्यांच्या दुकानात जाऊन बसली आणि तेथे त्यांचा भाव वाढला. आमच्यासारखा व्यापारी यावर लगेच म्हणेल, "बेइमानी!" आम्हीही असेच म्हणत होतो.

थैली ठरलेली असते

येथे लिलावाचा नियम समजून घेतला पाहिजे, नाहीतर पुढचा हिशेब कळणार नाही. प्रत्येक संघाला माणसांवर खर्च करायला ठरावीक रक्कम असते. अलीकडच्या हंगामांत ती ५ कोटी रुपये आहे. मालक कितीही श्रीमंत असला तरी यापुढे जाता येत नाही. एवढ्यात किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू घ्यायचे. आता एका गड्यावर २ कोटी घातले, तर राहिलेल्या ३ कोटींत कमीत कमी १७ जण बसवायचे. सरासरी पावणेअठरा लाखसुद्धा पडत नाहीत. मैदानात तर सात जण उतरतात, आणि बचावात एक कोपरा कच्चा असेल तर दोन कोटींचा चढाईपटू बाहेर बसून लोण चढताना पाहत राहतो.

ही ठरलेल्या थैलीची कल्पना अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये १९८४-८५च्या हंगामापासून चालू आहे. पण त्या लोकांनी तिला एक खिडकी ठेवली. जो खेळाडू तुमच्याच संघात राहिला आहे, त्याला ठेवण्यासाठी थैलीच्या मर्यादेपलीकडे जाण्याची मुभा आहे. बॉस्टनच्या लॅरी बर्ड या प्रसिद्ध खेळाडूच्या नावाने हा नियम ओळखला जातो. शिवाय तेथे संघ करार चालू असताना खेळाडूंची अदलाबदल करतात, त्यामुळे माणूस गेला तरी बदल्यात काही तरी हाती येते. कबड्डीतही काही खेळाडू आधीच राखून ठेवता येतात, आणि लिलावात जुन्या संघाला एक कार्ड वापरता येते: शेवटची बोली जेवढी झाली तेवढेच पैसे देऊन माणूस परत घ्या. रिशांकला यूपीने असेच परत घेतले होते. मात्र ते पैसे त्याच थैलीतून जातात, वेगळी खिडकी नाही. तेव्हा दरवर्षी मालकाला एकच प्रश्न असतो: हा माणूस आज बाजार म्हणतो त्या भावाला ठेवायचा, की सोडायचा?

यू मुंबाची या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा २०१९मध्ये झाली.

त्याआधीच्या वर्षी त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई हा नवा गडी ३६ लाख ४० हजारांना घेतला होता. उंच, आडदांड, समोरच्या दोघातिघांना ओढत मध्यरेषेवर आणणारा. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण केले. त्याच लिलावात मुंबईने फजल अत्राचलीला १ कोटी रुपये देऊन परत आणले होते. कबड्डीच्या लिलावात कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू तो, आणि तोही परदेशी बचावपटू. संघ बाद फेरीत गेला, तेथे यूपीकडून २९-३४ने हरला.

मग २०१९च्या एप्रिलमध्ये पुन्हा लिलाव. सिद्धार्थ मोकळा झाला होता. तेलुगू टायटन्सने बोली १ कोटी ४५ लाखांवर नेली. मुंबईने हात आखडता घेतला. एक वर्षापूर्वीचा ३६ लाखांचा माणूस गेला आणि मधला एक कोटी आठ लाख साठ हजारांचा फरक मुंबईच्या वहीत कोठेच जमा झाला नाही.

पुढे काय झाले, ते आमच्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत शिकण्यासारखे पान आहे. सिद्धार्थने हैदराबादच्या संघाकडूनही पुन्हा दोनशेच्या वर गुण केले. त्याच्या कसबात काही कमी नव्हते. तरीही तेलुगू टायटन्स गुणतक्त्यात तळाजवळ राहिले. आणि सिद्धार्थशिवाय खेळलेली यू मुंबा उपांत्य फेरीत गेली. बंगालकडून ३५-३७ असा निसटता पराभव झाला. फजल आणि सुरिंदर सिंग यांचा बचाव पक्का होता. अभिषेक सिंगवर चढाईचा भार दिला. आणि अर्जुन देशवाल नावाचा एक पोरगा हळूहळू तयार होत होता. मुंबईने पुढचा माणूस आधीच घरात आणून ठेवला होता, म्हणून आधीचा गेल्याचे भोगावे लागले नाही.

पण ही कथा इतकी सोपी नाही, आणि आम्ही ती सोपी करून सांगणार नाही. पुढच्या लिलावात, २०२१मध्ये, तोच अर्जुन देशवाल जयपूरने ९६ लाखांना उचलला. या वेळी मात्र मुंबईच्या घरात पुढचा कोणी तयार नव्हता. कोरोनामुळे आठव्या हंगामाचे सगळे सामने बंगळुरूत एकाच ठिकाणी झाले, मुंबईला बाद फेरी गाठता आली नाही. २०२२मध्ये त्यांनी तयार माल विकत घेतला: गुमान सिंगला १ कोटी २१ लाख ५० हजार दिले. तरी बाद फेरी नाही. त्याच हंगामात जयपूरने अजिंक्यपद घेतले, अर्जुन देशवालच्या चढायांवर, आणि अंतिम सामना झाला कोठे? वरळीला, यू मुंबाच्या अंगणात. मुंबईत घडलेल्या मुलाला चषक उचलताना मुंबईकरांनी आपल्याच मैदानावर पाहिले. तेव्हा मोठी रक्कम देऊन माणूस आणणे नेहमी तोट्याचेच असते असे कोणी समजू नये. जयपूरचा सौदा खरा निघाला. त्यांच्याकडे बाकीची फळी होती.

२०२३-२४च्या दहाव्या हंगामातही मुंबई बाहेरच. अकराव्यात गुमान सिंग गुजरातला गेला, तो आम्ही सुरुवातीला सांगितलेला दिवस. मुंबईने त्या लिलावात सुनील कुमार हा बचावपटू १ कोटी १ लाख ५० हजारांना घेऊन त्याला कर्णधार केले आणि चढाईची जबाबदारी अजित चव्हाणसारख्या नव्या मुलांवर टाकली. त्या हंगामात मुंबई तीन हंगाम बाहेर राहिल्यावर बाद फेरीत गेली. पावणेदोन कोटींच्या वर ज्याची बोली गेली त्या गुमानचा गुजरात संघ गेला नाही.

आमच्या दुकानातली गोष्ट

आता आम्हाला हे का लागले ते सांगतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. यवतमाळला वडिलांच्या वेळेपासून ठोक आणि किरकोळ कापड विकत आलो. गेली काही वर्षे खेळाच्या गणवेशाचे काम जोडले आहे. हिवाळ्यात दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी या भागांत गावोगावी रात्रीचे कबड्डीचे सामने होतात. पूर्वी पोरे बनियनवर खेळत. आता प्रत्येक मंडळाला पाठीवर नाव आणि नंबर छापलेली जर्सी हवी असते, टीव्हीत दिसते तशी. सुरत आणि लुधियानाहून विणलेले कापड किलोच्या भावाने येते, छपाई बाहेरून होते आणि कटाई-शिलाई आमच्याकडे. या धंद्यात नफा शिलाईत नाही, कटाईत आहे. किलोने घेतलेल्या कापडातून कटिंग मास्टर किती नग काढतो, त्यावर सगळे अवलंबून असते. हात कच्चा असेल तर नफा कातरणात जातो.

आमच्याकडे एक मुलगा दहावीनंतर आला. सहा वर्षे राहिला. पहिले वर्ष कातरण गोळा करण्यात आणि ओव्हरलॉकवर गेले, मग आमच्या जुन्या मास्तरांनी त्याला कैची दिली. हात असा बसला की ज्या कापडात मास्तर बारा नग काढत, त्यात तो तेरावा बसवू लागला. मास्तर थकले, घरी बसले, आणि काम सगळे त्याच्यावर आले. पगार आम्ही वाढवला, पण आमच्या मर्जीने, आणि उशिरा. त्याने दोनदा विचारले तेव्हा आम्ही म्हटले, "शिकवले कुणी?" २०२३च्या दिवाळीनंतर, हंगाम तोंडावर असताना, त्याने सांगितले की जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका दुकानात महिन्याला चार हजार जास्त मिळतात, महिनाअखेर जातो.

आम्ही त्याचा शेवटच्या पंधरवड्याचा हिशेब दिला नाही. ओळखीच्या तीन दुकानदारांना सांगितले की याला ठेवू नका, हा अर्ध्यात सोडून जातो. त्या हंगामात पाच मंडळांच्या ऑर्डरी आम्हाला परत कराव्या लागल्या, आणि त्याचा राग आम्ही वर्षभर त्याच्या नावावर लिहीत राहिलो. घरात कोणी त्याचे नाव काढले की आम्ही उठून जात असू.

आपल्या कारखानदार मंडळींची जुनी रीत अशी की कारागिराला उचल देऊन बांधायचे. लग्नाला उचल, आजारपणाला उचल, आणि मग ती फिटेपर्यंत तो हलत नाही. आम्हाला वाटे, आम्ही तसे करत नाही म्हणजे आम्ही बरे. लिलावाच्या त्या संध्याकाळी कळले की आम्ही उचलीऐवजी शिकवण्याचे कर्ज त्याच्या माथी मारले होते, आणि त्याचा हप्ता किती, ते फिटणार कधी, हे त्याला कधी सांगितलेच नव्हते. कबड्डीवाले निदान करार किती वर्षांचा, रक्कम किती, हे कागदावर लिहितात. करार संपला की माणूस मोकळा आणि कोणी कोणाला बेइमान म्हणत नाही.

आणखी एक हिशेब आम्ही त्या रात्री मांडला. सहा वर्षांत तो मुलगा रोज जे तेरावे नग काढत होता, त्यांची किंमत कुणाच्या गल्ल्यात गेली? आमच्याच. सिद्धार्थ देसाईचा मधला कोटभर रुपये मुंबईला मिळाला नाही हे खरे, पण एक पूर्ण हंगाम तो ३६ लाखांत त्यांच्यासाठी कोटीचा खेळ खेळला, हेही खरे. घडवणाऱ्याची मजुरी त्याला तेथेच मिळून गेली होती.

उस्ताद कोठे गेला

अनुप कुमारचे काय झाले, हे सांगायचे राहिले. पाच हंगाम तो यू मुंबाचा कर्णधार होता. २०१८मध्ये तोही मोकळा होऊन जयपूरला गेला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याने खेळ सोडल्याचे जाहीर केले. लगेच पुढच्या हंगामात तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. पुण्याला त्याने चषक मिळवून दिला नाही, दोन हंगाम राहिला. पण आठव्या हंगामात त्याच्या हाताखाली एक नवा मुलगा प्रथमच या लीगमध्ये उतरला: अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातला अस्लम इनामदार.

आमच्या वाचकांना हे नाव ठाऊक असेलच. पुण्याने अस्लमला आणि त्याच्या बरोबरच्या मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशा तरुण मुलांना लिलावात इकडे तिकडे जाऊ न देता वर्षानुवर्षे जपले. तरुण मुलांचा भाव आवाक्यात असल्यामुळे थैलीत रक्कम उरली, आणि २०२३मध्ये त्याच पैशातून त्यांनी इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाख देऊन आणले. तेव्हा कोणत्याही परदेशी खेळाडूला न मिळालेली ही रक्कम होती. त्याच वर्षी अस्लम हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुण्याने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ने हरवून पहिले अजिंक्यपद घेतले, आणि चषक हातात घेणारा कर्णधार अस्लम होता. दुसऱ्या वर्षी शादलू हरयाणाकडे २ कोटी ७ लाखांना गेला आणि हरयाणा अजिंक्य झाली. पुण्याने आपली बरीचशी पोरे धरून ठेवली, आणि २०२५च्या बाराव्या हंगामात पुन्हा अंतिम फेरी गाठली. तेथे दबंग दिल्लीने त्यांना २८-३१ने हरवले.

त्या दिल्ली संघात बचावाला कोण होते? फजल अत्राचली. यू मुंबाकडे पोरगा म्हणून आलेला, १ कोटीला परत आलेला, पुढे पुण्याने १ कोटी ३८ लाख आणि गुजरातने १ कोटी ६० लाख मोजलेला, आणि मग २०२४मध्ये वय झाले म्हणून ५० लाखांवर उतरलेला. बाजाराने त्याचा भाव तिसऱ्या हिश्शावर आणला आणि एका वर्षाच्या अंतराने तो पुन्हा अजिंक्य संघात उभा होता. आमच्या घरी बसलेल्या मास्तरांची आठवण आम्हाला हे पाहताना झाली, ती काही उगाच नाही.

यू मुंबाच्या कपाटात मात्र आजही एकच चषक आहे, २०१५चा.

लिलावानंतर आठवड्याभराने आम्ही त्या मुलाच्या नव्या दुकानी गेलो. मालक ओळखीचे होते, त्यांनी चहा मागवला. मुलाला बाहेर बोलावून पंधरवड्याचा हिशेब त्याच्या हातात दिला. त्याने मोजला नाही, खिशात ठेवला आणि विचारले, "मास्तर कसे आहेत?" ज्या तीन दुकानदारांना आम्ही त्याच्याविषयी बोललो होतो, त्यांनाही स्वतः जाऊन सांगितले की ते बोलणे चुकीचे होते. त्यातले एक हसले, म्हणाले, "आम्ही तेव्हाच समजलो होतो."

दुकानात आता एक कागद भिंतीला लावला आहे. त्यावर पहिले, दुसरे, तिसरे वर्ष, कोणत्या कामाला नगामागे काय दर, आणि तेराव्या नगाचा अर्धा वाटा कापणाऱ्याचा, असे लिहिले आहे. मास्तर आठवड्यातून दोन दिवस येऊन खुर्चीवर बसतात. कैची धरत नाहीत, नवीन मुलांचा हात पाहतात, आणि त्याचे त्यांना वेगळे पैसे मिळतात. कटाईवर एकाऐवजी दोन मुले ठेवली आहेत. एकाच्या जिवावर हंगाम धरायचा नाही, हे आम्ही सिद्धार्थ देसाईच्या पानावरून घेतले. खर्च वाढला आहे. पहिल्या वर्षी नफा घटला, तो किती हे येथे लिहीत नाही, कारण आमची बेगमही हे पान वाचतात.

दोनपैकी एक मुलगा चांगला निघाला आहे. गेल्या हिवाळ्यात पुसदकडच्या एका मंडळाच्या जर्सी त्यानेच कापल्या. परवा त्याने विचारले, तीन वर्षे झाल्यावर पुण्याला जायचे झाले तर तुम्ही चिठ्ठी द्याल का? आम्ही म्हटले, "देऊ. पण दोन महिने आधी सांग." त्याने तारीख लिहून घ्यायला लावली.